मेंढरं बसली त्या रात्री

वैशाखातली रात्र होती. निलंग्याहून औराद शहाजानीकडं जाणारा रस्ता सोडून थोडं आत गेलं, की आमचा शेतातला आखाडा लागतो. हरभरा निघून मोकळ्या पडलेल्या काळ्या रानात त्या रात्री मेंढरं बसली होती. शे-दीडशे असतील. चांदणं नव्हतं. अंधारात एकेक मेंढरू वेगळं दिसत नव्हतं. रानाचाच एक तुकडा जरा जास्त काळा, जरा जास्त उबदार झाल्यासारखा वाटत होता, आणि तो तुकडा श्वास घेत होता.

रानात मेंढरं बसवणं हा आमच्याकडचा जुना व्यवहार. उन्हाळ्यात धनगरांचे वाडे शिवारातून फिरत असतात. शेतकरी त्यांना बोलावतो, दोन-चार रात्री माझ्या वावरात बसा म्हणतो. बदल्यात धान्य देतो, पैसे देतो. संध्याकाळी वाघर लागते, जाळीच्या आत कळप येतो आणि पहाटेपर्यंत नुसता बसून राहतो. लेंड्या पडतात, मूत जिरतं. मृगाच्या पावसात ते सगळं विरघळत खाली उतरतं, मुळांच्या वाटेवर जाऊन थांबतं. सकाळी कळप निघून जातो, तेव्हा रानात पाहण्यासारखं काही उरलेलं नसतं. जे उरतं ते पुढच्या पिकात दिसतं, त्याच्याही पुढच्या पिकात दिसतं.

त्या दिवशी दिवेलागणीला मी वाघरीजवळ उभा होतो. उशिरा व्यालेल्या मेंढ्यांची दहा-बारा कोकरं दिवसभर डालग्यांखाली झाकून ठेवलेली. कळप चरून आला, धुळीचा एक लांबलचक पदर मागं ओढत आला, आणि धनगराच्या घरधनिणीनं डालगी उचलली. मग जो कल्लोळ उठला तो ऐकायला हवा. प्रत्येक आई ओरडत होती, प्रत्येक पिल्लू ओरडत होतं, आणि आपल्या कानांना सगळे आवाज एकसारखेच. पण कोकरू धावत सुटतं, एका मेंढीपाशी थांबतं, हुंगतं, पुढं जातं. दुसरी त्याला ढुशी देऊन लोटते. आणि अचानक कुठूनतरी त्याच्याचसाठी निघालेला एक आवाज त्याला सापडतो. शेपटी थरथरायला लागते. गुडघे टेकून ते कासेला लागतं. पाच-सहा मिनिटांत एवढा मोठा गोंधळ एकेका जोडीत वाटला जाऊन शांत होतो. अंधार पडण्याआधी जणू प्रत्येक हाकेला तिची ओ मिळालेली असते.

त्यानंतर येते ती रवंथवेळ. दिवसभर जे घाईघाईनं तोडलं, गिळलं, ते आता सावकाश वर येतं. मेंढराच्या वरच्या जबड्याला पुढचे दातच नसतात. खालचे दात आणि वरची कठीण हिरडी यांच्यात धरून ते गवत ओढून तोडतं आणि तसंच पोटात ढकलतं. पोटाचे चार कप्पे. पहिल्या कप्प्यात डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव राहतात, आणि वाळल्या काडीतला जो कस मेंढराला एकट्यानं कधीच काढता आला नसता, तो ते मोकळा करतात. म्हणजे रानात बसलेलं एक मेंढरू हे एकटं मेंढरू नसतंच. त्याच्या आत एक आखं गाव नांदत असतं. कान देऊन ऐकलं तर शे-दीडशे जबडे आडवे फिरण्याचा एक बारीक, ओलसर नाद येतो. दूर कुठंतरी जात्यावर दळण चालल्यासारखा.

“काय बघूलालास अंधारात?” काकांनी बाजेवरून विचारलं. “काही नाही,” म्हणालो. पण त्याच क्षणी मला ‘बनगरवाडी’ आठवला होता. कादंबरी नव्हे, चित्रपट.

कादंबरी पुष्कळांना ठाऊक असते. व्यंकटेश माडगूळकरांचं हे पुस्तक १९५५ सालचं. चित्रपट मात्र कुणाला विचारावा तर, असा काही चित्रपट होता का, हा प्रश्न उलटून येतो. १९९५ साली अमोल पालेकरांनी तो केला. पटकथा माडगूळकरांची, पैसा एनएफडीसी आणि दूरदर्शनचा. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. आणि तरी तो आपल्या हातांतून वाळूसारखा निसटून गेला. ज्या चित्रपटात फारसं काही घडत नाही, त्याची आठवण कुणी कुणाला सांगायची तरी कशी?

मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा शाळेत होतो. नव्वदचं दशक संपत आलेलं. आमच्या भागातली ती वर्षं वेगळी होती. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चार वाजायला चार मिनिटं कमी. आदल्या रात्री गणपती बोळवून माणसं घरी येऊन झोपली होती. किल्लारीच्या बाजूनं जमीन हलली आणि दगडमातीच्या रुंद भिंती, ज्यांच्या सावलीत पिढ्यान्‌पिढ्यांनी उन्हाळे काढले होते, त्याच भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. वर मातीची जड माळवदं. औसा, उमरगा, निलंगा या पट्ट्यातल्या गावांनी ती पहाट पाहिली. आमचं घर उभं राहिलं. पण आजोबा पुन्हा त्या घरात झोपले नाहीत. अंगणात पत्र्याचं शेड घातलं, त्यात त्यांची बाज आणि शेजारच्या फळीवर टीव्ही.

त्या शेडमध्ये एका दुपारी ‘बनगरवाडी’ लागला. मी पाहत होतो आणि पाहतही नव्हतो. ओसाड माळावरून एक तरुण मास्तर चालत येतो. चालतच राहतो. गाव येतं ते गाव वाटतही नाही, मातीतून चार बोटं वर आलेली घरं. मला वाटलं, आता काहीतरी होईल. आजोबा मात्र हलले नाहीत. त्यांनी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली होती, सुकडीवर दिवस काढले होते. शेवटाकडं त्या वाडीतली माणसं आपली बिऱ्हाडं उचलून निघाली, तेव्हा ते हळूच म्हणाले, “जगायला चालले.” एवढेच दोन शब्द. मग उठून बाहेर गेले आणि बराच वेळ आभाळाकडं बघत उभे राहिले.

जगायला जाणं. आपल्या भाषेनं किती दुःखातून हा शब्दप्रयोग कमावला आहे! गावात जे चाललं होतं ते जगणं नव्हतं, असं तो म्हणत नाही. जगणं आता पुढं गेलं आहे, चारा-पाण्याच्या मागोमाग, आणि आपण त्याला गाठायला निघालो आहोत, असं तो म्हणतो. धनगराला हे आयुष्यभर ठाऊक असतं. शेतकऱ्याला दुष्काळात कळतं.

पुढं कितीतरी वर्षांनी मी तो चित्रपट पुन्हा पाहिला, मुद्दाम, एकट्यानं. आणि माझ्या ध्यानात आलं की लहानपणी जे मला रिकामं वाटलं होतं, ते खच्चून भरलेलं होतं. माळ रिकामा नव्हता. त्यावर कुसळी गवत होतं, गवतावर वारा होता, वाऱ्याच्या दिशेनं पाठ करून उभी असलेली मेंढरं होती. देबू देवधरांचा कॅमेरा माणसाच्या मागं धावत नाही. तो जमिनीजवळ थांबतो, माणूस त्याच्या नजरेत येतो, ओलांडून जातो आणि जमीन तशीच राहते. वनराज भाटियांचं संगीत पुष्कळदा बाजूला सरून वाऱ्याला वाट देतं. काही जागी ते थोडं लवकर येतं, असं मला अजूनही वाटतं. माळाला एकट्यालाच बोलू द्यायला हवं होतं. पण ते तेवढंच.

एक गोष्ट मला फार उशिरा सुचली आणि ती सुचल्यापासून मी हा चित्रपट वेगळ्याच डोळ्यांनी पाहू लागलो. हे चित्रकारांचं काम आहे. माडगूळकर लिहायचे तसेच रेखाटायचेही. चार रेघांत झाड उभं करण्याचा त्यांचा हात होता. पालेकर अभिनयाकडं वळण्याआधी जे. जे. मध्ये चित्रकला शिकलेले. वाडीचा कारभारी झालेले चंद्रकांत मांडरे तर आयुष्यभर निसर्गचित्रं रंगवत राहिले. पावडर शेडिंग ही त्यांची खास रीत, कोल्हापुरात त्यांचं कलादालनच आहे. भालजी पेंढारकरांच्या १९५२ च्या चित्रपटात ज्यांनी शिवाजी महाराज उभे केले होते, ते ऐंशी ओलांडल्यावर खांद्यावर घोंगडी टाकून या माळावर येऊन बसले. आणि या कथेतली वाडी ज्या संस्थानच्या मुलखातली, त्या औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हेही चित्रकारच. कथेत राजा वाडीला भेट देतो, गावानं मास्तरासोबत उभारलेल्या तालमीसाठी येतो. चौघांच्याही बोटांना कागदाचा तो पांढरा, न भरलेला भाग ठाऊक होता. चित्रात कुठं रेघ मारायची याइतकंच कुठं मारायची नाही, हे ठाऊक असणारी माणसं. म्हणून या चित्रपटात माळ मोकळा सोडलेला आहे.

मांडऱ्यांचा कारभारी पाहत राहावा असा आहे. आधी मास्तराकडं संशयानं बघणारा, मग त्याच्यामागं एखाद्या जुन्या बाभळीसारखा उभा राहणारा, मग गैरसमजानं दुखावून पुन्हा दूर जाणारा. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या आणि उन्हानं तडकलेली भुई यांत फरक करणं अवघड जावं, इतका तो त्या जागेचा झाला आहे. अशी म्हातारी माणसं मी आमच्या शिवारात पाहिली आहेत. ती गेली की गावातलं कुठलंतरी झाड तोडल्यासारखं वाटतं. रोजच्या वाटेवरची सावली नाहीशी होते आणि ती तिथं होती हे तेव्हा कळतं.

माडगूळकर पुढं जंगलांत रमले. नागझिऱ्याला जाऊन राहिले, वानरांच्या टोळ्या दिवसेंदिवस न्याहाळल्या, त्यातून ‘सत्तांतर’ आलं. मला वाटतं, वानरांकडं पाहायचा तो डोळा त्यांच्याकडं ‘बनगरवाडी’च्या वेळेपासूनच होता. माणसांकडं ते तसंच पाहतात: ऊन, पाऊस, चारा आणि पाणी यांच्या मधोमध उभा असलेला एक जीव म्हणून. त्यात करुणा आहे, पण कीव नाही.

आणि मग सगळं एकमेकांत कसं गुंतलेलं आहे ते दिसायला लागतं. मास्तर वाडीत शाळा चालवतो. पोरं येतात, कारण त्यांच्यावाचून मेंढरं सांभाळायला घरात दुसरं कुणी असतं. ते कुणीतरी मोकळं असतं, कारण मेंढरं जवळच चरतात. जवळ चरतात, कारण माळावर गवत आहे. गवत आहे, कारण पाऊस झाला. आता हाच धागा उलटा ओढून पाहा. पाऊस चुकतो, गवत उगवत नाही, मेंढरं लांब न्यावी लागतात, मग मरायला लागतात, पोरं आईबापांमागं निघतात, आणि एके दिवशी शाळेत मास्तर एकटा असतो. पाटीवर काढलेलं ‘ग’ माळावरच्या गवताच्या मुळाशी बांधलेलं होतं, हे आपल्याला तेव्हा कळतं. कुणी सांगत नाही. नुसतं दिसतं.

या गवताबद्दल थोडं बोलू या, कारण त्याला कुणी विचारत नाही. माळावरचं कुसळ पिकून वाळलं, की त्याच्या दाण्याला सुईसारखं टोक असतं आणि मागं एक लांब, पीळ घातलेली शेपटी. टोकावर मागं वळलेले बारीक केस, म्हणजे एकदा आत शिरलं की सहज मागं येणार नाही. आपण माळातून चाललो की धोतराला, पायजम्याला, परकराला ते टोचत राहतं. मेंढरांच्या लोकरीत अडकतं, कधी कातडीतही घुसतं. धनगराला बोटांनी चाचपून एकेक काढावं लागतं. गवताला पाय नाहीत, म्हणून त्यानं मेंढराचे पाय उसने घेतले आहेत. कुठल्याशा दूरच्या माळावरचं बी लोकरीतून चालत येतं, एखाद्या रात्री दुसऱ्याच गावच्या वावरात लोळताना गळून पडतं. पुढची करामत पावसाची. शेपटी भिजली की तिचा पीळ सुटायला लागतो, वाळली की पुन्हा बसतो. फिरता फिरता ती दाण्याला भुईत दाबत नेते, सामता फिरवावा तशी. वाळलेलं, निर्जीव म्हणून आपण जे झटकून टाकतो, त्याच्या शेपटीत पावसाची वाट पाहण्याची एवढी तयारी गुंडाळून ठेवलेली असते.

लहानपणी आजी तळहातावर कुसळ ठेवून त्यावर ओठांनी थोडं पाणी सोडायची. आम्ही श्वास रोखून बघायचो. ते हळूहळू फिरायला लागायचं, घड्याळाच्या काट्यासारखं, कुणी हात न लावता. “जिवंत हाय का गं?” असं विचारलं की ती म्हणायची, “थांब की.”

सरकारी कागदांवर अशा माळाला पडीक म्हणतात. गायरान म्हणतात, ते निदान गाईचं नाव घेऊन. बघता बघता हे माळ नांगराखाली, मुरमाच्या खाणींखाली, प्लॉटच्या खुणांखाली गेले. त्यांच्यासोबत माळढोक गेला. सोलापूरजवळच्या नान्नजला त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य केलं, तरी तिथंही तो आता दिसेनासा झाला. चंडोल अजून आहेत. ऐन दुपारी वर वर जात, हवेतच थांबून गाणारा एवढासा पक्षी. त्याच्या खाली माळ उरला नाही तर ते गाणं तो कशावर उभं करील? ‘बनगरवाडी’ त्या पडीक म्हणवल्या जाणाऱ्या जमिनीकडं दोन तास टक लावून पाहतो. तिला देखणी करायचा प्रयत्न करत नाही. फक्त तिच्यापाशी थांबतो. माझ्या ओळखीत असं थांबलेलं दुसरं फारसं कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे उजाडता उजाडता मी पुन्हा वाघरीकडं गेलो. धनगर मामा कळप उठवायच्या तयारीत होते. आमच्या सीमेवरची माणसं बोलतात तसं, मराठीत कानडी मिसळून त्यांचं बोलणं. त्यांनी माझ्याकडं न बघताच बांधाच्या कडेला बोट दाखवलं. काळं रान संपून जिथं मुरमाड बरड सुरू होतं, तिथं त्यांची काठी जमिनीत उभी रोवलेली होती. आदल्या संध्याकाळपासून.

जवळ गेलो तरी मला काही दिसेना. खडे, ढेकळांचा भुगा, दोन वाळल्या काटक्या. मग नजर निवली आणि त्या खड्यांतले चार खडे खडे नव्हते. टिटवीची अंडी. मातकट रंगावर काळपट डाग, निमुळती टोकं आत जुळवून चौफुल्यासारखी मांडलेली. खाली ना काडी, ना पीस. नुसता एक उथळ खळगा. वर आभाळ. माळटिटवी दहा-बारा पावलांवर पिवळ्या पायांवर धावत होती, थांबत होती, पुन्हा धावत होती. डोक्यावर काळी टोपी, चोचीपाशी पिवळा पदर, आणि आवाजात एक तीक्ष्ण काळजी.

“मेंढरू काठी बघून वळतंय,” मामा म्हणाले. “तुडवीत न्हाई.”

त्यांनी तोंडानं एक आवाज काढला आणि कळप उठला. एकदम नाही, आधी कडेची चार, मग त्यांच्या मागची, अंग झाडत, लोकरीतली रात्र झाडत. सगळा लोंढा बांधाकडं सरकला. काठीपाशी आला आणि दुभंगला. एक फाटा इकडून, एक फाटा तिकडून, पाण्याच्या धारेत धोंडा असावा तसा. शे-दीडशे जिवांचे सहाशे खूर त्या चार अंड्यांना वळसा घालून पुढं गेले आणि पलीकडं पुन्हा एक झाले. धूळ बसली. मामांनी काठी उपटली, खांद्यावर टाकली आणि चालू लागले. टिटवी धावत आली, दोनदा थबकली, मग पिसं फुगवून खळग्यावर बसली. काठीची जागा तेवढी उरली. एक बारीक गोल भोक.

राम देशमुखांनी ‘बनगरवाडी’चा इंग्रजी अनुवाद केला, त्याचं नाव आपल्या भाषेत सांगायचं तर ‘भिंती नसलेलं गाव’ असं होतं. त्या सकाळी मला या नावाचा अर्थ पहिल्यांदा डोळ्यांपुढं दिसला. भिंती असलेलं घर किती सुरक्षित, हे आमच्या भागानं १९९३ मध्ये पाहिलं होतं. आणि इथं भिंत नाही, छप्पर नाही, आडोसा नाही. एका अनोळखी माणसानं रोवलेली काठी आणि ती ओळखणारे मुके जीव, एवढ्यावर एक घर रात्रभर तगलं. बनगरवाडी अशीच तगली होती, जोवर तगली तोवर. कारभाऱ्याचा शब्द ही तिची काठी. वाडीतल्या शेकूपाशी एकच बैल उरतो, तेव्हा जुवाची दुसरी बाजू त्याची बायको स्वतःच्या खांद्यावर घेते. कादंबरीतला तो प्रसंग मला आजही धड वाचवत नाही. पण वाडी बांधलेली होती ती असल्या खांद्यांनी. आभाळानंच पाठ फिरवली तेव्हा ती काठी अपुरी पडली, यात काठीचा दोष नव्हता.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. दहा टाक्यांची पहिली गाडी, पाच लाख लिटर. वर्तमानपत्रांत तिचे फोटो आले, ते आपण पाहिले. पण तेव्हा निलंग्याच्या, देवणीच्या, औशाच्या खेड्यांतून पुण्या-मुंबईकडं, हैदराबादकडं गेलेली कुटुंबं, दाराला कुलूप आणि कुलपावर बांधलेली चिंधी, अंगणात सुटलेलं एखादं कुत्रं, हे कोण टिपणार? पालेकरांच्या चित्रपटाच्या अखेरीस ती रिकामी वाडी दिसते. कुणी रडत नाही. मेंढरांचा आवाज नसलेली हवा असते फक्त. ज्यानं एकदा ती हवा ऐकली, त्याला कुलूप लागलेल्या घरावरून नुसतं पुढं जाता येत नाही. मला तरी येत नाही.

मी हा चित्रपट पुन्हा पाहिला त्याला आता बरीच वर्षं झाली. सगळे प्रसंग क्रमानं सांग म्हटलं तर सांगता येणार नाहीत. काही चेहरे पुसट झाले आहेत. पण तो गेलेला नाही. कधी बांधावर बसलो असता, कधी एसटीच्या खिडकीतून औशाकडचा माळ सरकत असता, त्यातलं काहीतरी वर येतं. मास्तराची लांबची चाल, कारभाऱ्याचा गप्प बसलेला हात. मी ते पुन्हा थोडं चावतो, पुन्हा आत जाऊ देतो. तेव्हा घाईनं गिळलेलं होतं. कस आता सुटतो आहे.

मृगाचा पहिला पाऊस यंदा रात्री आला. आधी वास आला, मग पत्र्यावर चार टपोरे थेंब, मग सगळं आभाळ. सकाळी मी अनवाणीच रानात गेलो. वाघरीच्या खुंट्यांची भोकं पाण्यानं भरली होती. लेंड्या फुगून मऊ झाल्या होत्या, त्यांच्याखाली शेणकिड्यांची लगबग चालली होती; प्रत्येक जण आपापला वाटा भुईत ओढून नेत होता. आणि ढेकळाच्या आडोशाला, लोकरीचा एक चिमूटभर पुंजका अजून चिकटलेलं एक कुसळ पडलेलं होतं. त्याची ओली शेपटी फिरत होती. मी उकिडवा बसलो. एक पूर्ण फेरा व्हायला किती वेळ लागला ते मोजलं नाही. टोक मातीत गेलं होतं.

टिटवीचा खळगा रिकामा होता. पलीकडच्या बरडावरून ती ओरडली, आणि तिच्या ओरडण्यासरशी तीन खडे जागच्या जागी आणखी स्थिर झाले. चौथं पिल्लू मला दिसलं नाही. ते असेल तर फार छान लपलं होतं.

‘बनगरवाडी’ कुठं मिळाला तर पाहा. एखाद्या उन्हाळ्यातल्या रात्री, घर निजल्यावर पाहा, आणि संपल्यावर लगेच कुणाशी बोलू नका. नाही आवडला तरी राहू द्या तसाच.

मेंढरं बसली होती तेवढ्या तुकड्यासकट सगळ्या रानात आम्ही यंदा मूग पेरला. तेवढ्या तुकड्यातला मूग बाकीच्यापेक्षा दोन बोटं उंच आहे. वाघरीचा चौकोन बांधावरूनही ओळखू येतो.